शंभर टक्के गुंतलेली

दोऱ्याच्या त्या कारखान्यात शिव्यांना बंदी नव्हती, पण ‘गुंता’ हा शब्द कोणी उगाच तोंडातून काढत नसे. मशीन बंद पडलं तर ते मशीनचं नशीब. दोरा गुंतला तर मात्र माणसाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, असा तिथला रोकडा न्याय होता. म्हणून रोज पाळी सुटायच्या आधी मास्तर वही घेऊन हॉलभर फिरायचे. प्रत्येकापाशी पळभर थांबून एकच शब्द विचारायचे, “गुंता?” समोरचा म्हणायचा, “नाही.” मास्तर वहीत टिंब द्यायचे आणि पुढे जायचे. मशीनच्या घरघरीत दोघांचाही आवाज ऐकू येत नसे, सगळा कारभार ओठांवर. बत्तीस माणसं, बत्तीस ‘नाही’. नव्या माणसाला दोऱ्याला गाठ मारायला नंतर शिकवत, आधी हे ‘नाही’ शिकवत.

एवढं करूनही गुंते व्हायचे ते व्हायचेच. रंगाच्या टाक्यांतून निघालेल्या दोऱ्याच्या लडी वाळता वाळता एकमेकींच्या गळ्यात पडत, आणि मग त्यांना वेगळं करणं म्हणजे भावाभावांची वाटणी करण्याहून अवघड. असल्या लडी हॉलच्या पार टोकाला, उंच खिडकीखालच्या टेबलावर येत. तिथे सोडवणताई बसायची. तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांचे गुंते सोडवत होती. कात्री लावली म्हणजे आपण हरलो, असं ती मानायची. एकदा नवीन आलेल्या एका शहाण्यानं तिच्या टेबलावर कात्री आणून ठेवली, तर तिनं ती दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तशी, त्याच्या टेबलावर परत नेऊन ठेवली होती.

गेले काही महिने मात्र तिला काहीतरी होत होतं. काय होत होतं, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि तिला कोणी विचारतही नव्हतं.

व्हायचं असं. सकाळी ती एखादी निळी लड समोर ओढायची. टोक शोधायला बोटं आत घालायची. खिडकीतून उन्हाचा एक लांबलचक पट्टा टेबलावर उतरलेला असायचा, त्यात दोऱ्याचे बारीक तंतू तरंगत असायचे, वरही जात नाहीत, खालीही येत नाहीत. आणि बघता बघता ती त्या लडीत शिरायची. दोऱ्याच्या गल्ल्या व्हायच्या. निळ्या, अरुंद, वळणावळणाच्या. एक गल्ली दुसरीच्या पोटाखालून जायची, पलीकडे एखाद्या छोट्या चौकात निघायची, तिथून तीन वाटा फुटायच्या. ती अनवाणी चालत राहायची. पायाखाली मऊ लागायचं. घरांची दारं बंद, वर निळसर उजेड, कुठे चिटपाखरू नाही. पुढच्या वळणावर टोक असेल, असं दर वळणावर वाटायचं. तिथे काही दुखायचं नाही, काही आवडायचंही नाही. मग जेवणाची घंटा व्हायची. ती दचकून वर बघायची तर उन्हाचा पट्टा टेबलावरून उतरून भिंतीपाशी गेलेला असायचा आणि हातातली लड जशीच्या तशी.

सोप्या लडी ती अजूनही सोडवत होती. दहा सोप्या सुटल्या की टेबल चालू आहे असं दिसायचं. अवघड लडी ती टेबलामागच्या लोखंडी कपाटात ठेवायची. उद्या बघू म्हणून पहिली ठेवली, ती ठेवलीच. कपाटाला कुलूप लावायची सवय तिला पूर्वी नव्हती. आता किल्ली गळ्यातल्या साखळीत असायची. आणि संध्याकाळी मास्तर येऊन “गुंता?” म्हणाले, की तिचे ओठ आपोआप “नाही” म्हणायचे. एकोणीस वर्षांची सवय, तिला काय खरं-खोटं कळतंय.

बरं, दुःख म्हणावं तर घरी काही नव्हतं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, स्वभावानं गरीब, स्वतःच्या चहाचा कप स्वतः विसळणारा. मुलगी लग्न होऊन सुखात. सासूबाईंची तब्येत ठणठणीत, सुनेहून ठणठणीत. एकदा धीर करून ती जावेला म्हणाली होती, “मला ना, हल्ली कशातच काही वाटत नाही.” जाऊ पोळ्यांची कणीक मळत होती. तिनं वरही न बघता सांगितलं, “तुला सुख बोचतंय, दुसरं काही नाही.” त्यावर दोघी हसल्या. त्यानंतर सोडवणताईनं हा विषय कोणापाशी काढला नाही.

अशात मुख्य कचेरीकडून कागद आले. मुख्य कचेरी कुठल्याशा दुसऱ्या शहरात होती आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचं काम वर्षानुवर्षं सुरळीत चालू होतं. या खेपेला त्यांना माणसांच्या मनाची काळजी वाटू लागली होती. कागदाच्या डोक्यावर छापलं होतं, ‘कर्मचारी गुंतवणूक व मनःस्वास्थ्य पाहणी’. कोणीतरी शब्दकोश मांडीवर घेऊन भाषांतर केलेलं दिसत होतं. खाली सूचना होती की नाव लिहू नये, उत्तरं गुप्त राहतील. आणि उजव्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या मशीनचा किंवा टेबलाचा क्रमांक आधीच छापलेला होता.

डबे खायच्या खोलीत सगळ्यांना कागद वाटले. चार नंबरच्या मशीनवरचा रेडिओ तिथे होताच. त्याला रेडिओ म्हणत, कारण तो बंद करायचं बटण कोणाला सापडलं नव्हतं. त्यानं पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला.

“तुम्ही तुमच्या कामात किती गुंतलेले आहात? घ्या! आता हेही विचारायला लागले. मी काय काल आलोय?”

“चौकशी लावलीय वाटतं,” गुंडाळणीवरची म्हातारी मावशी म्हणाली. “कोणीतरी चुगली केली असणार.”

“मग लिहा स्पष्ट. भिताय कशाला?”

आणि सगळ्यांनी स्पष्ट लिहिलं. अजिबात नाही, थोडे, बरेच, पूर्णपणे, अशा चार चौकटी होत्या. एकतीस जणांनी ‘अजिबात नाही’ वर खूण केली. कुणी दोनदा केली, कुणी खाली रेघ ओढली. रेडिओनं तर समासात लिहिलं, ‘सात वर्षांत एकदाही नाही, वाटल्यास मास्तरांना विचारा.’

सोडवणताई खिडकीपाशी बसली होती. तिनंही प्रश्न तसाच वाचला, कारण त्या छपराखाली त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. पण तिला तो प्रश्न दोऱ्याविषयी वाटला नाही. तिला वाटलं, कोणीतरी अनोळखी माणूस फार लांबून, एखाद्या विहिरीच्या काठावरून वाकून, आपल्यालाच विचारतंय. तू किती गुंतली आहेस? ओठ बघणारं समोर कोणी नव्हतं. तिच्या पेन्सिलीनं ‘पूर्णपणे’ वर खूण केली. पुढच्या नऊ प्रश्नांना तिनं काय उत्तरं दिली, ते तिला आठवलंही नाही. कागद देऊन ती टेबलाकडे परत गेली आणि त्या दुपारी तिला दोन अवघड लडी सुटल्या.

तीन आठवड्यांनी निकाल आला. फळ्यावर लावलेलं पत्र रेडिओनं वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मध्येच थांबला. मुख्य कचेरीनं सुतावरून स्वर्ग गाठला होता. या हॉलमधली माणसं कामात अजिबात गुंतलेली नाहीत, त्यांचं मन कामात नाही, असं आकडे सांगत होते. याला नेतृत्वाचा अभाव कारण असल्याने मास्तरांची बदली गावाबाहेरच्या गोदामावर करण्यात येत होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना त्यांनी खोकी मोजायची. आणि टेबल क्रमांक बत्तीस, शंभर टक्के गुंतलेली एकमेव कर्मचारी, हिचा येत्या बुधवारी सत्कार. ‘मी कामात कशी रमते’ या विषयावर तिनं सहकाऱ्यांना चार शब्द सांगावेत.

“हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी!” मावशी म्हणाली.

रेडिओनं ऑफिसातून मुख्य कचेरीला फोन लावला. तासभर बोलला. दोरा म्हणजे काय, लड म्हणजे काय, गुंता म्हणजे काय, सगळं सांगितलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

“ते म्हणतात, प्रश्न समजला नाही असं कसं होईल? एकीला तर बरोबर समजला.” मग तो तिच्याकडे वळला. “ताई, तू काय समजून लिहिलंस गं?”

एकतीस माणसं बघत होती. तिच्या गळ्यातली किल्ली एकदम गार लागली.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “काम आवडतं का, असं विचारतायत.”

“झालं!” रेडिओनं कपाळावर हात मारला. “अख्ख्या हॉलमध्ये शाळेत गेलेली एकच निघाली.”

सगळे हसले, तीही हसली. हसता हसता तिला कळत होतं की आपण आत्ता मास्तरांना गोदामावर पाठवलं. खरं सांगितलं तर मास्तर वाचत होते. पण खरं सांगायचं म्हणजे कपाट उघडायचं. मग तो ढीग बघून तिला टेबलावर कोण ठेवणार? आणि ते टेबल गेलं, तर दिवसभर कुठे बसायचं, कुठल्या खिडकीखाली, हा विचार तिला करवतच नव्हता.

घरी तर आनंदीआनंद होता. नवऱ्यानं दुकानात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. जावेचा फोन आला, “बघ, मी म्हणत नव्हते?” ती काय म्हणत होती, हे सोडवणताईला आठवेना. ते चार दिवस ती पाण्याखालून चालावं तशी चालली. रस्त्यावरच्या गाड्या आवाज न करता जायच्या. बसमध्ये बायका बोलताना त्यांचे नुसते ओठ हलायचे, आणि प्रत्येकीचे ओठ ‘नाही, नाही’ म्हणताहेत असं वाटायचं. एकदा उतरायचा थांबा मागे गेला आणि ती अनोळखी वस्तीत उतरली. तिथल्या गल्ल्या तिला इतक्या ओळखीच्या वाटल्या, की ती घाबरली. तिनं खाली वाकून पायात चपला आहेत ना, हे हातानं चाचपून बघितलं.

बुधवारी अकरा वाजता मशीन थांबवली. भर पाळीत हॉल असा गप्प कधी कोणी ऐकलाच नव्हता. मावशीला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज आला आणि तिनं हात पदराखाली घेतला. मशीनचा वारा थांबल्यामुळे हवेतले तंतू हळूहळू खाली यायला लागले, सगळ्यांच्या केसांवर, खांद्यांवर.

मुख्य कचेरीच्या मॅडम सोडवणताईच्या मुलीच्या वयाच्या होत्या. डोळ्यांखाली काळं होतं, आवाज मात्र छापील. त्या मनःस्वास्थ्याबद्दल बोलल्या, रमण्याबद्दल बोलल्या. मग त्यांनी चौकटीतलं प्रशस्तिपत्र पुढे केलं.

“या ताई. सांगा सगळ्यांना, कसं जमतं तुम्हाला?”

ती उठली. पुढे गेली. प्रशस्तिपत्राच्या काचेत उंच खिडकी दिसत होती, आणि तिला वाटलं, आता या काचेतून आत शिरावं आणि तिकडच्या तिकडे चालत जावं. कोणाला कळणारही नाही. दाराशी मास्तर उभे होते. त्यांच्या टकलावर एक निळा तंतू येऊन बसला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्याचं तिला हसू आलं. आणि का कोण जाणे, त्या हसण्यासरशी ती हॉलमध्ये परत आली.

“मॅडम,” ती म्हणाली, “गुंतणं हे आमच्यात वाईट असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे टोक सापडत नाही, असं. यांच्यातलं कोणी गुंतलेलं नाही. यांनी खरं लिहिलं. आणि मीही खरं लिहिलं.”

मॅडमच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना कळलेलं नाही. सोडवणताईनं गळ्यातली किल्ली काढली, चालत टेबलापाशी गेली आणि कपाट उघडलं. वरच्या दोन लडी आपसूक खाली पडल्या. मागोमाग बाकीच्या घरंगळत आल्या, निळ्या, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, आणि तिच्या पावलांवर ढीग झाला.

“मला जमत नाहीये,” ती म्हणाली. “पुष्कळ दिवस झाले. मी इथे बसते आणि कुठेतरी निघून जाते. घरी सगळं चांगलं आहे. कोणी मला त्रास देत नाही. पण मला बरं नाही.”

तिचा आवाज कापत नव्हता. दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं ती सांगत होती.

मॅडमनी हातातल्या कागदांकडे बघितलं. “आमच्याकडे,” त्या हळूच म्हणाल्या, “या उत्तराला चौकटच नाही.” त्यांचा छापील आवाज कुठे गेला कोण जाणे. मग त्या म्हणाल्या की ही पाहणी चुकली, तसं त्या आजच लिहून देतील, मास्तर कुठेही जाणार नाहीत. त्यांनी प्रशस्तिपत्र चौकटीतून काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक नाव आणि फोन नंबर लिहिला. “मनाच्या डॉक्टर आहेत. चांगल्या आहेत.” कागद देताना त्या तिच्या कानाशी वाकल्या. “मीही जाते त्यांच्याकडे. दर शनिवारी.”

जेवणाची घंटा झाली. माणसं चुळबुळली, कुठे बघावं ते कळेना म्हणून डब्यांकडे गेली. मावशी जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली. सोडवणताई खाली बसून लडी गोळा करू लागली. मास्तर तिथे येऊन उभे राहिले.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

तिनं वर बघितलं.

“त्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. झाडलोटीच्या वेळी उघडलं होतं. चार महिने झाले.” त्यांनी घसा खाकरला. “तसंच बंद केलं.”

“आणि बोलला नाहीत?”

“विचारत होतो की गं रोज. तू नाही म्हणायचीस. मला वाटायचं, ती नाही म्हणतेय ना, मग निभेल. खरं सांगू? बरं वाटायचं मला.”

आधी तिला ते समजलंच नाही. मग तिला वाटलं रडू येतंय. रडू नव्हतं. तिला राग आला होता, चांगला सणसणीत राग. चार महिने हा माणूस सगळं जाणून रोज समोर उभा राहत होता, टिंब देत होता आणि सुखानं घरी जात होता.

“ते विचारणं नव्हतं, मास्तर!” ती ओरडली. “ती हजेरी होती!”

बंद मशीनच्या हॉलमध्ये तो आवाज पार डब्यांच्या खोलीपर्यंत गेला. एकोणीस वर्षांत सोडवणताईचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता, तिनंही नव्हता ऐकला. ती आणखी ओरडली. काय वाटेल ते बोलली. चार महिने, मास्तर, चार महिने, असं तीन-तीनदा म्हणाली. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी वाटतंय. किती दिवसांनी आपल्याला काहीतरी वाटतंय. मग मात्र तिला रडू कोसळलं. तांबडी लड तशीच तोंडाशी धरून ती हमसाहमशी रडली.

मास्तरांनी वही टेबलावर ठेवली. कोपऱ्यातलं एक स्टूल ओढून आणलं. पाळीच्या वेळात मास्तर हॉलमध्ये कधी बसत नसत, गुडघे दुखले तरी नाही. आज ते बसले. तिचं रडणं ओसरेपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी विचारलं,

“काय होतं गं तुला?”

तिनं पदरानं नाक पुसलं.

“माहीत नाही, मास्तर.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

जेवणाची वेळ संपल्याची घंटा झाली. माणसं आपापल्या जागी आली, एकेक मशीन सुरू झालं, हॉल पुन्हा घरघरायला लागला. मास्तर उठले नाहीत.